राजीनाम्याचा सत्कार

"बाबा, मी राजीनामा देतेय," असे भार्गवी म्हणाली, तेव्हा वेणीमाधवराव मैंदर्गीकरांच्या तोंडात सुशीलाचा घास होता. चुरमुऱ्यांचा हा मऊ लुसलुशीत पदार्थ सोलापुरात आजवर कुणाच्या घशात अडकल्याचे ऐकिवात नाही. वेणीमाधवरावांच्या अडकला. पद्मजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, नवऱ्याच्या पाठीत दोन थापट्या मारल्या आणि मुलीला म्हणाल्या, "अगं, खाऊन तरी होऊ द्यायचं की त्यांचं!"

"राजीनामा? म्हणजे नोकरीचा?" वेणीमाधवरावांना अखेर वाचा फुटली.

"मग काय सरपंचपदाचा, बाबा?"

वेणीमाधवराव एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आस्थापना शाखा म्हणजे जिथे माणसांच्या नेमणुका, रजा, बदल्या आणि पेन्शनी कागदावर येतात ती जागा. तिथे त्यांनी उभे आयुष्य काढले आणि पोच घेतल्याशिवाय एकही कागद हातातून सोडला नाही, हा त्यांचा अभिमान होता. जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, कायम आणि अजून कायम न झालेले, अशी त्यांची साधी समजूत होती. ते स्वतः कायम झाले त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी मैंदर्गीत गावभर साखर वाटली होती. आता भार्गवी महिनाअखेरीला कायम होणार, हे त्यांनी जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर सांगून ठेवले होते. पेढ्यांसाठी नवी पेठेत जाऊन चवसुद्धा बघून आले होते. मधुमेह असून चव बघितली, यावरून आनंद किती होता ते कळावे.

आणि पोरगी म्हणत होती, राजीनामा!

"त्यांनी मला डिझायनर म्हणून घेतलं," भार्गवी सांगू लागली. "टॉवेलांच्या किनारी काढायच्या, नवे नमुने करायचे. करते काय, तर कुठल्या खोक्यात किती टॉवेल गेले ते कॉम्प्युटरवर भरते. रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहिते. रविवारी सुट्टी, तर रविवारीच फोन येतो. काही बोललं की म्हणतात, तू प्रोबेशनवर आहेस ना?"

"मग बरोबर आहे की! परिविक्षा काळात असंच असतं," वेणीमाधवराव म्हणाले. प्रोबेशनला ते सरकारी शब्दच वापरत. "दगडाखाली हात असेपर्यंत गप्प बसायचं. एकदा कायम झालीस की बोल."

"कायम झाल्यावरच तर बोलता येणार नाही. कायम झालं की तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि कमलम्मांना मी एक तारखेपासून हवीय."

"कमलम्मा म्हणजे कोण?"

मग हळूहळू सगळे बाहेर आले. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कमलम्मांचा छोटासा कारखाना होता. भिंतीवर लावायची विणलेली चित्रे तिथे निघत. भार्गवीने गंमत म्हणून काढलेला एक नमुना, हुरड्याच्या आगटीभोवती बसलेली माणसे, त्यांनी मागावर चढवून पाहिला आणि तो दिल्लीच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी निवडला गेला. आता तसे आणखी नमुने हवे होते आणि लगेच हवे होते. कमलम्मा तीन महिने थांबू शकत नव्हत्या. एक तारखेला भार्गवी आली नाही, तर त्या दुसरा माणूस बघणार होत्या.

"पण ही कमलम्मा प्रायव्हेट आहे की लिमिटेड?" वेणीमाधवरावांनी विचारले.

"कमलम्मा म्हणजे कमलम्मा, बाबा."

"सोसायटीत मी काय सांगू? लिमिटेड सोडून कमलम्मा धरली?" असे म्हणून वेणीमाधवरावांनी ताटली पुढे ओढली. विषय संपला, असा त्याचा अर्थ होता.

भार्गवी उठता उठता सहज म्हणाली, "तसंही अवधूत सर म्हणतातच, प्रोबेशनमध्ये राजीनामा देताच येत नाही म्हणून."

वेणीमाधवरावांचा हात ताटलीतच थांबला.

"कोण म्हणतं?"

"अवधूत सर. आमचे मॅनेजर."

"कुठल्या नियमानुसार?"

पद्मजाबाईंनी कपाळाला हात लावला. आपल्या नवऱ्याला त्या चांगल्या ओळखत होत्या. मुलीने नोकरी सोडणे हे वेणीमाधवरावांना दुःख होते. पण मुलीला कुणीतरी खोटा नियम सांगणे हा त्यांचा अपमान होता, आणि अपमानापुढे दुःखाचे काय चालते?

"नेमणुकीचं पत्र आण," ते म्हणाले.

भार्गवीने पत्र आणले. वेणीमाधवरावांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर थबकले. प्रत्येक कलमाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले होते. सही करण्यापूर्वी पोरीने अक्षर न् अक्षर वाचले होते. शाखेतल्या इतक्या वर्षांत स्वतःचे नेमणूकपत्र असे वाचणारा एकही कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता आणि इथे तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच हाताखाली वाढला होता. त्यांचा ऊर भरून आला. पण तोंडाने ते एवढेच म्हणाले, "हं. रेघा पट्टीनं मारायच्या."

कलम स्पष्ट होते. परिविक्षा काळात दोघांपैकी कुणालाही एका आठवड्याची सूचना देऊन मोकळे होता येत होते. कायम केल्याचे लेखी कळवेपर्यंत परिविक्षा चालूच समजायची होती. फक्त राजीनामा लेखी हवा होता आणि तो व्यवस्थापकांच्या हाती द्यायचा होता. ईमेल नको, टपाल नको, टेबलावर ठेवणे नको. हाती म्हणजे हाती.

"मग दे की हातात!"

"ते हातच काढत नाहीत, बाबा," भार्गवी म्हणाली. "मी राजीनाम्याचं बोलले त्या दिवसापासून दोन्ही हात खिशात घालून हिंडतात. मी समोर गेले की मान तिरकी करून फोनवर बोलतात. फोन खांद्यात धरलेला असतो, आणि खरं सांगू, कधी कधी तो बंद असतो."

वेणीमाधवराव उठून उभे राहिले. "उद्या मी येतो," ते म्हणाले. "बघू, हात कसे बाहेर येत नाहीत!"

पण उद्या काही जाणे झाले नाही, कारण मधे मसुदा आला. भार्गवीने राजीनामा दोन ओळींत लिहिला होता. तो वाचून वेणीमाधवरावांचा चेहरा कसनुसा झाला.

"ही चिठ्ठी झाली. दूधवाल्याला लिहितात अशी. उद्यापासून दूध नको."

"बाबा, दूध नको एवढंच तर सांगायचंय!"

वेणीमाधवरावांनी बैठक मारली. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, असे करत त्यांनी दीड पान भरले. भार्गवीने 'आपल्या कृपाछत्राखाली' हे शब्द खोडले, त्यांनी ते परत घातले, तिने परत खोडले. अखेर पद्मजाबाईंनी मध्यस्थी करून कृपा ठेवली आणि छत्र काढले. मग तीन प्रती निघाल्या, एक कंपनीला, एक पोचेसाठी आणि एक घरच्या फायलीला. पाकीट मात्र वेणीमाधवरावांनी कुणाच्या हाती दिले नाही. सरकारी शिरस्त्याप्रमाणे त्यावर विषय लिहिणे भागच होते. तो त्यांनी नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांसाठी ठेवलेल्या जाड काळ्या पेनाने लिहिला, 'विषय : परिविक्षा काळातील राजीनामा सादर करणेबाबत.' इतक्या ठळक अक्षरात लिहिला की समोरच्या इमारतीतूनही वाचता आला असता. या सगळ्यात दोन दिवस गेले. आता महिना संपायला आठवड्याहून किंचितच जास्त उरला होता. आज राजीनामा हाती पडला तर ठीक, नाहीतर कमलम्मा दुसरा माणूस बघणार होत्या.

भार्गवीच्या स्कूटीवर मागे बसून, पाकीट छातीशी धरून वेणीमाधवराव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचले. फाटकावर हिंदुराव होते. ते कंपनीचे वॉचमन. शिवाय त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला, म्हणून कंपनीचे फोटोग्राफरही. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून खाली दोन ओळी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि ते ते मन लावून करत.

"साहेब आहेत का?" वेणीमाधवरावांनी विचारले.

"हायत की," हिंदुराव म्हणाले. "पन काय झालंय कळंना बगा. आटवडा झाला, खिशातनं हात भायेर काडंनात. काल च्या घिऊन गेलो, तर म्हनले, ठीव तितं. म्या भायेर आलो, तवा कुटं कप उचलला. थंडी न्हाय, वारं न्हाय, लई काळजी वाटाय लागलीय मला."

"आज काढतील," वेणीमाधवराव म्हणाले.

अवधूत सर तिशीचे होते. केस नीट बसवलेले, चेहरा मात्र नेहमी काहीतरी विसरल्यासारखा. आपल्या काचेच्या खोलीतून त्यांनी भार्गवीला पाहिले, तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टातले वडील पाहिले, वडिलांच्या छातीशी काहीतरी पांढरे आहे एवढे पाहिले, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. मुलीला टाळता येते. फोनचे सोंग तिच्यापुढे चालते. वडिलांपुढे कसे चालणार? पण अवधूत सरही सोलापूरचेच होते. भांडायला आलेल्या माणसाला थंड करायचा या गावाचा हुकमी उपाय त्यांना ठाऊक होता.

"अरे, साक्षात बाबा आले!" ते दार उघडून ओरडले. "भार्गवी मॅडमचे वडील! अरे, चादर आणा! टॉवेल-टोपी आणा! नारळ बघा कुठं आहे. सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा!"

"मी सत्कारासाठी आलेलो नाही," वेणीमाधवराव करारी आवाजात म्हणाले. "मला तुमच्या हाती एक कागद..."

"कागद होईल की हो! कागद कुठं पळून जातोय? आधी बसा की!"

बघता बघता हॉल भरला. खुर्ची आली. पॅकिंगमधल्या बायका हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मागच्या फळ्यावर भार्गवीने सकाळी लिहिलेली तारीख होती, तिच्यासमोरच वेणीमाधवरावांना बसवण्यात आले. कुणीतरी डोक्यावर टोपी ठेवली. एका हातात टॉवेल आला, दुसऱ्यात नारळ आला. चादर पांघरायची म्हणून अवधूत सरांनी आठवड्यात पहिल्यांदाच खिशातून हात बाहेर काढले. वेणीमाधवरावांची तारांबळ उडाली. एवढे सगळे घेऊन पाकीट धरायचे कशात? "जरा धरा हो," असे म्हणत त्यांनी ते शेजारच्या माणसाकडे दिले, नारळ सावरला आणि हिंदुराव ओरडले, "हितं बगा, सायेब! हासा!"

सगळे हसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेणीमाधवरावांचा आयुष्यात कधी सत्कार झाला नव्हता. निवृत्तीच्या वेळी होणार होता. भाषण पाठ झाले होते, पद्मजाबाईंनी नवी साडी घेतली होती, आणि नेमके लॉकडाऊन लागले. कचेरीचा शिपाई आला, शाल फाटकाला अडकवली, रस्त्यापलीकडून नमस्कार केला आणि सायकलवर बसून निघून गेला. ते भाषण तेव्हापासून त्यांच्या पोटात तसेच होते. आता खांद्यावर सोलापुरी चादरीचा जाड, ऊबदार भार पडला, समोर माणसे दिसली आणि अवधूत सरांनी माइक पुढे केला. भाषण बाहेर आले.

आणि कसे आले! वडिलांच्या साखरेपासून ते सुरू झाले, आस्थापना शाखेतून पुढे सरकले आणि सेवा म्हणजे काय यावर येऊन भरतीला लागले. "नोकरी हे व्रत आहे," वेणीमाधवराव म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणसाचे काय होते हे ज्याला पडल्या त्यालाच कळते. "आमच्या घराण्यात आजवर कुणीही नोकरी सोडलेली नाही!" आणखी टाळ्या. "आणि माझी मुलगीही या संस्थेला कधी अंतर देणार नाही!"

भार्गवी पॅकिंगच्या बायकांच्या मागे उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. शेजारच्या बाईला वाटले, पोरीला भरून आले.

अवधूत सरांनी लोखंड तापलेले बघून घाव घातला. माइक घेतला आणि म्हणाले, "आणि याच शुभप्रसंगी एक आनंदाची बातमी! भार्गवी मॅडम आजपासून कायम!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वात मोठ्याने वेणीमाधवरावांनी वाजवल्या, नारळ काखेत धरून.

दोघे स्कूटीवरून परत निघाले. वेणीमाधवरावांच्या मांडीवर नारळ होता आणि खांद्यावर अजून चादर होती. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी हळूच विचारले, "भाषण बरं झालं ना?"

भार्गवीने आरसा जरा वळवला. आरशात तिचे डोळे त्यांना दिसले आणि त्या क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण काय करायला गेलो होतो आणि काय करून आलो! लग्न मोडायला गेलेल्या माणसाने मंगलाष्टके म्हणून यावे, तशातली गत झाली होती.

घरी पोचताच पद्मजाबाईंनी विचारले, "दिला का राजीनामा?" मग त्यांची नजर टोपीकडे गेली, टॉवेलाकडे गेली, नारळाकडे गेली. "अगंबाई! हे काय?"

"कायम करून आले मला," भार्गवी म्हणाली आणि आत गेली. तिने दार आपटले नाही. आपटले असते तर बरे, असे वेणीमाधवरावांना वाटले.

ते खुर्चीत बसले. चादर काढली, घडी केली आणि हातावर ठेवून तिच्याकडे बघत राहिले. चांगली चादर होती. आणि या एवढ्या चादरीपायी आपण पोरीची एक तारीख घालवली, हुरड्याच्या आगटीभोवतीची ती माणसे घालवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"पण पाकीट कुठाय?" पद्मजाबाईंनी विचारले. "निदान ते तरी परत आणलंत का?"

वेणीमाधवरावांनी खिसे चाचपले. पिशवी उलटी केली. टॉवेल झटकला. पाकीट नव्हते. पोच न घेता कागद हातातून गेला होता! आयुष्यात पहिल्यांदाच! हे दुःख आधीच्या दुःखावर चढून बसले.

तेवढ्यात पद्मजाबाई म्हणाल्या, "थांबा, थांबा." त्या भार्गवीचा टीपॉयवरचा मोबाइल घेऊन बसल्या होत्या. कंपनीच्या ग्रुपवर सत्काराचा फोटो आला होता आणि नवऱ्याचा टोपीतला फोटो कोणती बायको मोठा करून बघणार नाही? त्यांनी दोन बोटांनी चित्र ताणले. नवरा पुढे गेला, नारळ पुढे गेला, आणि शेजारी अवधूत सर आले. "अहो, हे त्या साहेबांच्या हातात काय आहे?"

वेणीमाधवरावांनी मोबाइल हिसकावून घेतला. अवधूत सर तोंडभर हसत होते. फोटोत हातातली वस्तू कॅमेऱ्याकडे वळवून धरायची, ही सवय आपल्याकडे बारशापासून लागते. त्याप्रमाणे सरांनी पाकीट दोन्ही हातांनी, छातीशी, अगदी सरळ धरले होते. त्यावरचा विषय जाड काळ्या अक्षरात खणखणीत वाचता येत होता. मागे फळ्यावर, भार्गवीच्या अक्षरात, आजची तारीख होती. आणि खाली हिंदुरावांनी लिहिले होते : 'भार्गवी मॅडमच्या वडिलांचा सत्कार. साहेबांनी पाकीट स्वीकारले.'

"स्वीकारले!" वेणीमाधवराव एवढ्या जोरात ओरडले की भार्गवी बाहेर आली. "स्वीकारले लिहिलंय! हाती दिलंय, दोन्ही हाती! तारखेसह! साक्षीला अख्खी कंपनी! अगं, अशी पोच मी जन्मात पाहिली नाही!"

"आणि ते कायम केलं, त्याचं काय?" पद्मजाबाईंनी विचारले.

"तोंडी! लेखी कळवेपर्यंत परिविक्षा चालू. कलमच आहे त्यांचं. तोंडी आदेश म्हणजे वाऱ्यावरची वरात!"

ते टोपी घालून घरभर फिरू लागले. कुणाला फोन करू आणि कुणाला नको, असे त्यांना झाले. भार्गवीने फोटो नीट पाहिला. मग ती हसली, खूप हसली आणि थांबली.

"मी सरांना फोन करते," ती म्हणाली.

"कशाला? काही गरज नाही! पोच आहे!"

"त्यांना माहीत नाही, बाबा, पाकिटात काय आहे. फसवून दिला असं नको वाटायला."

तिने वेणीमाधवरावांच्या समोरच फोन लावला. "सर, बाबांनी दिलेलं पाकीट उघडून बघा. त्यात माझा राजीनामा आहे. आठवडाभर मी येणार आहे, रोज येणार आहे, माझं काम ज्याला द्याल त्याला सगळं शिकवून जाईन. पण एक तारखेला मी तुमच्याकडे नसेन." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आले. "हो सर. राग नाही. तुम्हीही धरू नका," असे म्हणून तिने फोन ठेवला.

तिचा आवाज एकदाही कापला नव्हता की चढला नव्हता. वेणीमाधवराव बघत राहिले. आपल्या साहेबांपुढे असे सरळ उभे राहून एक वाक्य बोलायला त्यांना कधी जमले नव्हते. त्यांना सगळे कागदातूनच जमायचे. या पोरीला पोच लागत नव्हती. त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी ते टॉवेलाने पुसले. टॉवेल कंपनीचा होता, पण त्याला इलाज नव्हता.

"कमलम्मा म्हणजे नक्की कुठं राहतात?" त्यांनी विचारले. "पेढे तिकडेच न्यायचे आता."

त्या संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर एक नवा संदेश आला. तो मालकांचा, शिवलिंगप्पांचा होता. आधी नमस्काराचे हात होते आणि थोड्या वेळाने खाली एक ओळ होती : 'पाकिटावरचे वाचले. अवधूत, येऊन भेटणे.'

तोवर वेणीमाधवरावांनी सोसायटीत सगळ्या मजल्यांवर जाऊन बातमी दुरुस्त केली होती. "कायम वगैरे सगळेच होतात हो," ते सांगत होते. "पण राजीनामा दिला आणि कंपनीने चादर-नारळ देऊन सत्कार केला, असं ऐकलंय कधी? फोटो आहे. बघा की!" फोटो बघितल्याशिवाय कुणाला दार लावता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दारावरची बेल वाजली. वेणीमाधवरावांनी दार उघडले. दारात अवधूत सर उभे होते. केस विस्कटलेले होते आणि दोन्ही हात खिशाबाहेर होते.

वेणीमाधवराव सावध झाले. "हे बघा, फोटोत स्पष्ट दिसतंय..."

"काका, मी भांडायला नाही आलो," अवधूत म्हणाले. "आत येऊ का?"

ते आत आले, बसले, पद्मजाबाईंनी दिलेले पाणी प्याले आणि भार्गवीकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी तुमच्याशी खोटं नव्हतो बोललो. मला खरंच वाटत होतं, प्रोबेशनमध्ये राजीनामा देता येत नाही म्हणून. मालकांनीच मला तसं सांगितलं होतं, मी लागलो त्या दिवशी."

"तुम्हाला कशाला सांगितलं?" भार्गवीने विचारले.

"मीपण प्रोबेशनवरच आहे."

वेणीमाधवरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"दिवाळीला कायम करतो म्हणाले. मग संक्रांत म्हणाले. आता अक्षयतृतीया म्हणतायत. आणि तुम्ही सोडून गेलात तर मालक माझ्यावरच डाफरणार, माझं कायम होणं आणखी लांबणार, म्हणून मी आपला हात खिशात घालून..." अवधूतनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "काल तुमचा राजीनामा वाचला. त्यात तुम्ही कलम लिहिलंय. म्हटलं, आपलं पत्र बघू. पहिल्यांदाच वाचलं, काका. तेच कलम आहे. शब्द न् शब्द तेच."

"म्हणजे तुम्हालाही सोडायचंय?" वेणीमाधवरावांनी विचारले.

"पुण्याहून बोलावणं आहे केव्हाचं. पण मॅनेजर मीच, म्हणून माझा राजीनामा मालकांच्या हाती द्यायला लागतो. आज सकाळी नुसता विषय काढला त्यांच्यापुढे." अवधूतनी उसासा टाकला. "तेव्हापासून मालक दोन्ही हात पाठीमागे बांधून हिंडतायत."

भार्गवीला हसू आवरेना. पद्मजाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. वेणीमाधवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला, जाड काळे पेन शोधले आणि कागद पुढे ओढला. कालपर्यंत ते निवृत्त होते. आता त्यांची शाखा पुन्हा उघडली होती.

"तीन प्रती कराव्या लागतील," ते म्हणाले.

"बाबा, दीड पान नको," भार्गवी म्हणाली. "आणि सर, पाकिटावर विषय लिहायचा. ठळक. लपवाछपवी नाही."

"ते बरोबर बोलली," वेणीमाधवराव अभिमानाने म्हणाले आणि अवधूतकडे वळले. "मला एक सांगा. शिवलिंगप्पा मालकांचा आजवर कुणी सत्कार केलाय?"

"मालकांचा? नाही हो. तेच सगळ्यांचा करतात. त्यांचा कोण करणार?"

वेणीमाधवराव उठले. खुर्चीच्या पाठीवर चादर नीट घडी करून ठेवलेली होती. कालपासून त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि ती अवधूतच्या मांडीवर ठेवली.

"एकदाच वापरलीय," ते म्हणाले. "हिंदुरावांना फोटोला सांगून ठेवा. आणि नारळ तेवढा मोठा बघून घ्या, घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागतील असा."